नेल्सनच्या डोळ्यावर पट्टी नव्हतीच

ब्रिटिश नौसेनापती होरेशिओ नेल्सन म्हटलं, की एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला माणूस नजरेसमोर येतो. अशी पट्टी त्याने कधीच बांधली नाही. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात तोफगोळा आदळून उडालेले खडे-माती त्याच्या उजव्या डोळ्यात गेले, दृष्टी जवळजवळ गेली. पण बाहेरून डोळा बराचसा धड दिसायचा, मग झाकायचा कशाला? त्याला काळजी होती ती चांगल्या, डाव्या डोळ्याची. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून त्याने टोपीला हिरवी झापड लावून घेतली होती. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या पुतळ्यालाही पट्टी नाही. १७९७ मध्ये तेनेरिफ बेटावरच्या हल्ल्यात उजवा हात गेला, हे मात्र खरं. आणि त्यानंतरही तो लढत राहिला, थेट १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत गोळी लागेपर्यंत.