खोपोली ते वलवण: बोरघाटाची पायी सहल

मुंबई-पुणे प्रवासात बोरघाट आपण खिडकीतून कितीदा तरी पाहिलेला असतो. आम्ही तो पायी दाखवतो, तोही खालून वर. एका गटात १६ जण, सोबत आमचे दोघे.

सकाळी कर्जतहून येणाऱ्या लोकलनं खोपोलीला उतरायचं. १८५६ मध्ये रेल्वे इथवर आली आणि समोरच्या डोंगरानं तिला सात वर्षं अडवून धरलं. प्रवासी इथं उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठत. चहा-वडापाव आमच्याकडून, तो याच गोष्टीसोबत होतो.

मग खोपोलीचं वीजघर. आत जायला परवानगी नसते, पण बाहेरूनही डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ दिसतात, तिथं आपण बराच वेळ थांबतो. घाटमाथ्यावरचं पाणी एरवी इंद्रायणीला मिळून पूर्वेकडे गेलं असतं. टाटांनी ते धरणांत अडवून पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून कोकणात सोडलं. १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. रेल्वेला नडलेला हा उभा कडाच विजेच्या कामी आला. सबंध सहलीत आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पुढं जुन्या रस्त्यानं शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढ. घाटाची वाट इंग्रजांना या धनगरानं दाखवली आणि त्यांनी त्याचाच जीव घेतला, असं सांगतात. ही आख्यायिका आहे, पण जाता-येता नाणं टाकणारे ड्रायव्हर ती रोज जिवंत ठेवतात.

लोहमार्गाचं काम मात्र कागदोपत्री नोंदलेलं आहे. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढं चालवलं. १८६१ मध्ये इथं ४२ हजारांवर मजूर राबत होते. पटकीनं आणि अपघातांत हजारो गेले. वाटेत कापलेल्या कातळावर बोट फिरवून पाहा: सुरुंगाच्या दारूसाठी पाडलेल्या भोकाची अर्धी नळी कुठंकुठं हाताला लागते. त्या माणसांची नावं कुठं कोरलेली नाहीत, म्हणून तिथं आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहतो.

१८६३ मध्ये घाट खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, आणि वळायला जागा नाही म्हणून मधल्या स्टेशनात इंजिन पुढून काढून मागं जोडायचं, गाडी उलट्या दिशेनं वर. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग आणि वीज आली, तशी ही कसरत संपली.

वरच्या टप्प्यात जुना रस्ता द्रुतगती महामार्गाला मिळतो. तिथं पायी जायला मनाई आहे, तेवढा भाग आपण टेम्पोनं जातो. खंडाळ्याला राजमाची पॉइंटवरून सगळी घाटवाट एका नजरेत येते. जेवण तिथंच.

सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कितीही आग्रह झाला तरी नेत नाही, दरडींचा भरवसा नसतो. रुळांवर उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी आणि टोपी आणा. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातलं ओढून नेतात. गुडघ्याचा त्रास असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, टेम्पोत जागा राखून ठेवू.

दुपारी चालत वलवण धरणापाशी. सकाळी नळांतून उतरणारं पाणी इथं शांत पसरलेलं दिसतं. तिथून लोणावळा स्टेशनला आम्ही पोहोचवतो.