उंदराचा डोस काकांना लावू नका

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर एक हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय: उंदराचं दुखणं किलोमागे 100 मिलीग्रामने थांबलं, म्हणजे 60 किलोच्या काकांना 6 ग्रॅम लागणार. साफ चूक.

आधी चाचणी कशी होते ते बघा. उंदराच्या पंजात कॅरॅजिनन टोचतात (समुद्री शेवाळातलं, आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच!). पंजा सुजतो, हुळहुळा होतो. टोकाला गोल मणी असलेल्या सुईने औषध तोंडावाटे थेट पोटात सोडतात. उंदीर 25 ग्रॅमचा, म्हणजे औषध जेमतेम अडीच मिलीग्राम. मग ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवायचा आणि किती दाबाला पंजा झटकन उचलला ते टिपायचं.

पण एवढासा जीव वजनाच्या मानाने औषध फार वेगाने निकाली काढतो. म्हणून त्याचा किलोमागचा डोस 12.3 ने भागतात. 100 चे उरले 8. काकांचे 6 ग्रॅम अर्ध्या ग्रॅमच्या आत आले. तोही गिळायचा डोस नव्हेच. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी, प्राण्यात निर्धोक ठरलेला डोस असा उतरवून वर आणखी दहाने भागायची रीत आहे.