मेडिकल टाकली म्हणजे नाटक केलं असं नसतं

माझी आई ३१ वर्षं सरकारी ऑफिसात क्लार्क होती, त्यातली बरीचशी वर्षं आवक-जावकच्या टेबलावर. आलेलं प्रत्येक पत्र रजिस्टरला चढवायचं, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचं. त्यात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की आमदारांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नांची माहिती "आजच, संध्याकाळच्या आत" हवी असायची, आणि तेव्हा आई कधी घरी येईल ते तिलाही माहीत नसायचं. एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा तिने १२ दिवस मेडिकल, म्हणजे आजारपणाची रजा टाकली. परत हजर झाली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय बाई, झाली का विश्रांती?" आई ते अजून विसरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

सरकारी माणूस आजारी पडला की तो काम चुकवतोय असंच आपण धरून चालतो. म्हणून लंडनचं हे संशोधन सांगावंसं वाटतं. तिथे व्हाइटहॉल नावाच्या रस्त्यावर सरकारी खाती आहेत, आपण मुंबईत मंत्रालय म्हणतो तसं तिकडे नुसतं व्हाइटहॉल म्हटलं की सरकार समजायचं. मायकल मार्मट या डॉक्टरांच्या टीमने १९८५ पासून तिथल्या २० खात्यांतले ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ कर्मचारी अभ्यासाला घेतले, अगदी निरोप्यापासून वरच्या सचिवांपर्यंत, आणि त्यांच्या आजारपणाच्या रजांचा हिशोब ऑफिसच्या रेकॉर्डवरूनच काढला. सात दिवसांपर्यंतची रजा तिथे स्वतःच्या सहीवर मिळते, त्यापुढे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. निकाल असा आला की सगळ्यात खालच्या ग्रेडच्या पुरुषांच्या रजा सगळ्यात वरच्या ग्रेडच्या सहा पट होत्या, छोट्या रजाही सहा पट आणि सर्टिफिकेटवाल्या मोठ्या रजाही सहा पट! बायकांमध्ये हाच फरक छोट्या रजांना तीन पट आणि मोठ्या रजांना चार पटीच्या थोडा वर होता.

लगेच मनात येतं की खालचे लोक कामचुकार असतील, नाहीतर बिडी-सिगरेट जास्त ओढत असतील. सिगरेटचा वाटा होता, पण सगळा फरक काही त्याने भरून निघत नव्हता. आणि कामचुकारपणाचं म्हणाल तर याच अभ्यासात पुढे दिसलं की १० वर्षांत ज्यांनी पाचाहून जास्त वेळा सर्टिफिकेटवर मोठी रजा घेतली त्या पुरुषांमध्ये मृत्यूचं प्रमाण अशी एकही रजा न घेणाऱ्यांच्या जवळपास पाच पट होतं, बायकांमध्ये पावणेतीन पटीच्या आसपास. नाटक करणारा माणूस असा मरत नाही हो.

मग घोडं अडतं कुठे? अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती, ती मला फार पटते. नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही, काम जास्त आणि त्यावर आपला ताबा मात्र काहीच नाही, असं दोन्ही एकत्र आलं की तो जास्त खचतो. साहेबांनाही कामाचा डोंगर असतोच, पण कोणती फाईल आधी घ्यायची, मीटिंग कधी ठेवायची, कुठलं काम दुसऱ्याकडे ढकलायचं हे ते ठरवू शकतात. आईला यातलं काहीच ठरवता येत नव्हतं, पत्रं येतील तशी घ्यायची आणि वरून फोन आला की हातातलं सोडून उठायचं. व्हाइटहॉलमध्येही कामावर ताबा कमी असलेल्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन जास्त सापडलं. जखम झाली की रक्त गोठवायला हेच प्रोटीन लागतं, पण ते सतत वाढलेलं राहिलं तर हृदयाला धोका. ताण आला की शरीराला वाटतं वाघ समोर आहे, म्हणून अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सुटतात, बीपी चढतं, साखर वाढते, वाघ गेला की उतरतं. इथे वाघ जातच नाही, रोज सकाळी पावणेदहाला परत समोर!

फिनलंडचा अनुभव तर आपल्याकडच्या प्रत्येक खात्याने वाचावा. १९९१ नंतर तिथे मंदी आली आणि नगरपालिकांनी माणसं कमी केली, काम तेवढंच राहिलं. जिथे मोठी कपात झाली तिथे नोकरीत टिकून राहिलेल्यांमध्येच हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कपात न झालेल्या ठिकाणांच्या दुप्पट निघालं, म्हणजे ज्यांची नोकरी वाचली त्यांची ही गत. आपल्याकडे पदं रिकामी ठेवून एकेकाला दोन-दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार देतात तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं.

आणखी एक. तब्येत बरी नसतानाही जे रजाच घेत नाहीत त्यांना आपण निष्ठावान म्हणतो, पण व्हाइटहॉलच्या पुरुषांमध्ये तब्येत खराब असून एकही आजारपणाची रजा न घेणाऱ्यांना हार्ट अ‍ॅटॅकसारखे गंभीर त्रास थोडीफार रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट झाले.

आईच्या पेन्शनचे कागद करताना मी तिचं सेवापुस्तक पहिल्यांदा नीट बघितलं. आजारपणात वापरता येते ती अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, तिच्या खात्यावर शेकडो दिवस तसेच पडून होते आणि मेडिकलची नोंद अख्ख्या ३१ वर्षांत एकच, ती १२ दिवसांची. बीपीची गोळी तिला ४६व्या वर्षी लागली. त्यानंतर तापातही ऑफिसला जायची, डब्यात भाताची पेज घेऊन.