लिंक मंद की लेखन मंद? लिनक्सवर यूएसबी कॉपी रेंगाळते तेव्हा

लिनक्सवर पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी रेंगाळण्याची दोन मुख्य कारणं आहेत, आणि ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. पहिलं म्हणजे ड्राइव्ह संगणकाशी जोडला गेला तोच यूएसबी २.०च्या कमी वेगाच्या लिंकवर. दुसऱ्यात लिंक उत्तम असते, पण ड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपला लिहायलाच वेळ लागतो आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) पेज कॅश, म्हणजे रॅममधली तात्पुरती साठवण, ही गोष्ट काही काळ झाकून ठेवते. पहिल्याचा इलाज केबल आणि पोर्टमध्ये आहे, दुसऱ्याचा कर्नलच्या सेटिंगमध्ये किंवा थेट ड्राइव्ह बदलण्यात. केबल बदलून चिप वेगाने लिहायला लागत नाही, आणि कॅशचे आकडे बदलून ४८० मेगाबिटची लिंक रुंद होत नाही.

आधी लिंक, कारण ती तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी -टी’ चालवलं की सगळी उपकरणं झाडासारखी दिसतात. आपल्या ड्राइव्हच्या ओळीच्या शेवटी ‘४८०एम’ असेल तर तो यूएसबी २.०वर आहे, ‘५०००एम’ किंवा ‘१००००एम’ असेल तर ३.० किंवा त्यापुढच्या वेगावर. हे आकडे मेगाबिटमध्ये आहेत. ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट, पण प्रत्यक्षात हातात पडतात ३० ते ४०. पेटीवर यूएसबी ३ लिहिलंय आणि यादीत ४८०एम दिसतंय, तर संशय आधी केबलवर घ्यावा. टाइप-सी केबल दिसायला सारख्याच असतात, पण चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये यूएसबी २.०च्याच तारा असतात. दुसरा संशय पोर्टवर किंवा मधल्या हबवर. तिसरं कारण पटकन सुचत नाही: टाइप-एच्या प्लगमध्ये यूएसबी २.०चे चार संपर्क पुढे आणि ३.०चे पाच जादा संपर्क मागे असतात. प्लग सावकाश सरकवला तर पुढचे चार आधी जुळतात आणि ड्राइव्ह २.० म्हणून ओळखला जाऊ शकतो. काढून एका दमात पूर्ण आत घालावा आणि यादी पुन्हा पाहावी.

आता लेखन. कॉपीच्या खिडकीत सुरुवातीला सेकंदाला शेकडो मेगाबाइट दिसतात, मग पट्टी ९० किंवा १०० टक्क्यांवर येऊन गोठते आणि ‘सुरक्षितपणे काढा’ म्हटल्यावर मिनिटंच्या मिनिटं काही होत नाही. इथे बिघडलेलं काहीच नसतं. फाइल आधी रॅममध्ये गेली आणि पट्टीने तोच वेग दाखवला. रॅममध्ये आलेल्या पण ड्राइव्हवर अजून न लिहिलेल्या डेटाला ‘डर्टी’ म्हणतात. कर्नलच्या ‘डर्टी रेशो’ या सेटिंगचं मूळ मूल्य २० आणि ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’चं १० आहे. वापरायला मोकळ्या होऊ शकणाऱ्या स्मृतीच्या १० टक्के इतका न लिहिलेला डेटा साचला की कर्नल मागच्या मागे लिहायला लागतो, आणि २० टक्के झाला की कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवतो. अशी स्मृती ८ जीबी असेल तर ही मर्यादा १.६ जीबी होते. पेनड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइट लिहीत असेल, तर तेवढं उतरवायला १६० सेकंद हवेत. गोठलेली पट्टी ती हीच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळींवर ‘वॉच’ (तीच माहिती पुन्हा पुन्हा ताजी दाखवणारी आज्ञा) लावून ठेवा. आकडे हळूहळू उतरत असतील तर काम चालू आहे. त्या वेळी ड्राइव्ह उपटला की फाइल अर्धवट राहते, मग पट्टी १०० टक्के का दाखवत असेना.

गोंधळ खरा होतो तो मधल्या आकड्यांवर. कॉपी सेकंदाला सलग ३० मेगाबाइटने चालली आहे. ही यूएसबी २.०ची भिंत, की ३.०च्या पेनड्राइव्हमधल्या स्वस्त चिपची लिहिण्याची मर्यादा? नुसत्या कॉपीच्या वेगावरून हे कळत नाही. म्हणून आधी वाचन मोजावं. फ्लॅश चिप वाचते वेगाने आणि लिहिते सावकाश. लिंकची मर्यादा मात्र दोन्ही दिशांना सारखीच लागते. ड्राइव्हचं नाव एसडीबी असेल तर ‘सुडो एचडीपार्म -टी /डेव्ह/एसडीबी’ चालवा. यातला टी इंग्रजी छोट्या लिपीतला हवा, मोठा टी फक्त कॅशचा वेग मोजतो. वाचनही ३५-४०वर अडत असेल तर दोष लिंकचा. वाचन १५० आणि लेखन २० असेल तर लिंक निर्दोष आहे. नुकतीच कॉपी केलेली फाइल परत वाचून वेग मोजू नका, ती रॅममधूनच येते.

लेखन मोजायला ‘डीडी’ ही डेटा कॉपी करणारी आज्ञा पुरते, पण ‘कॉन्व्ह=एफसिंक’ (सगळं ड्राइव्हवर उतरेपर्यंत थांब) दिल्याशिवाय तिचा आकडा रॅमचा असतो. ब्लॉक ४ मेबीबाइटचा आणि ‘काउंट’ १००० ठेवा. १०२४ केलं तर बरोबर ४ गिबीबाइट होतात, फॅट३२ या पेनड्राइव्हवरच्या जुन्या फाइल-रचनेत एका फाइलची मर्यादा त्याहून एक बाइट कमी आहे, आणि शेवटच्या क्षणी त्रुटी येते. चाचणी एवढी मोठी ठेवायचं कारण असं, की बऱ्याच ड्राइव्हमध्ये वेगवान लेखनासाठी छोटा राखीव भाग असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. आउटपुट म्हणून माउंट केलेल्या फोल्डरमधल्या फाइलचंच नाव द्या. तिथे चुकून एसडीबी लिहिलंत तर ड्राइव्हवरचा डेटा गेलाच.

चिपचा वेग कुठलंही सेटिंग वाढवत नाही, पण पट्टी खरं बोलायला लावता येते. ‘सिसकटीएल’ या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ ५०३३१६४८ (४८ मेबीबाइट) आणि ‘व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ १६७७७२१६ (१६ मेबीबाइट) करा. यानंतर ‘रेशो’चे आकडे शून्य दिसतात, ते बरोबर आहे, दोन्हींपैकी एकच पद्धत एका वेळी चालते. तोटा असा की ही मर्यादा आतल्या वेगवान एसएसडीलाही लागते. म्हणून नव्या कर्नलवर त्या एकाच ड्राइव्हच्या ‘बीडीआय’ फोल्डरमध्ये (तिथे प्रत्येक ड्राइव्हची लेखनाची सेटिंग वेगळी असतात) ‘स्ट्रिक्ट_लिमिट’ला १ आणि ‘मॅक्स_बाइट्स’ला हवी ती मर्यादा देणं आम्हाला अधिक पटतं. ‘सिंक’ पर्यायाने माउंट करण्याचा सल्ला मात्र टाळावा. फॅटवर त्याने प्रत्येक लेखनासोबत तीच तक्ता-जागा पुन्हा पुन्हा लिहिली जाते, वेग आणखी पडतो आणि फ्लॅश लवकर झिजते. फॅटसाठी ‘फ्लश’ पर्याय आहे, तो वापरावा.

एक प्रकार या दोन्हींत बसत नाही. लिंक ५०००एम आहे, चाचणीत लेखनही चांगलं आहे, तरी कॉपी मधेच अर्धा-अर्धा मिनिट थांबते. अशा वेळी ‘डीमेसग’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत ‘रीसेट सुपरस्पीड’ किंवा ‘यूएएस’ने सुरू होणाऱ्या त्रुटी शोधा. यूएएस हा ड्रायव्हर एका वेळी अनेक आज्ञा पाठवतो आणि काही डिस्क-पेट्यांमधल्या चिपला ते झेपत नाही. आधी केबल बदला आणि डिस्कला वीज पुरते का पाहा: यूएसबी २.०चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.०चा ९००. तरीही त्रुटी येत राहिल्या तर कर्नलच्या बूट ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ पुढे त्या पेटीचा विक्रेता-क्रमांक, उत्पादन-क्रमांक आणि ‘यू’ हे अक्षर, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन, लिहा. रीबूटनंतर ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये ड्रायव्हर म्हणून ‘यूएएस’ऐवजी ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसायला हवा. कमाल वेग थोडा घटतो, पण मधले थांबे जातात.