‘दंडाज्ञा नाही’ : एका वचनाची आणि त्याला चिकटलेल्या अटीची पार्श्वभूमी

‘देव तुम्हाला आहात तसे स्वीकारतो’ हे वाक्य आज प्रवचनांत आणि उपासनागीतांत इतक्या सहजपणे येते की त्यामागे किती शतकांचा वाद आहे, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. देव प्रीती आहे हे कोणत्याही पंथाने नाकारलेले नाही. मतभेद आहे तो या प्रीतीला अट आहे का, आणि असल्यास ती स्वीकाराच्या आधी येते की नंतर, याबद्दल. बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या, आठव्या अध्यायातील पहिल्या वचनाच्या इतिहासात हा मतभेद अक्षरशः कागदावर उमटलेला दिसतो, म्हणून येथे त्यालाच अधिक जागा दिली आहे.

पहिल्या काही शतकांचा प्रश्न व्यवहाराचा होता. इ.स. २५० च्या छळात ज्यांनी रोमन देवतांना बळी अर्पण करून जीव वाचवला, त्यांना मंडळीत परत घ्यायचे की नाही, यावरून रोम आणि कार्थेज येथे तीव्र मतभेद झाले, आणि २५१ मध्ये परतीला साफ नकार देणारा एक गट वेगळा निघाला. मुख्य प्रवाहाने परतीचे दार उघडे ठेवले. परंतु बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापासाठी सार्वजनिक प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच मिळे. त्यामुळे अनेकांनी बाप्तिस्माच मृत्युशय्येपर्यंत लांबवला. १२१५ मध्ये पश्चिमेकडे वर्षातून किमान एकदा पापनिवेदन सर्वांना सक्तीचे झाले. क्षमा वारंवार मिळू लागली, पण ‘मी पुरेसा पश्चात्ताप केला आहे का?’ हा प्रश्नही प्रत्येकाच्या दाराशी वारंवार येऊ लागला.

आता मूळ वचनाकडे वळू. सातव्या अध्यायाच्या शेवटी पौल आपल्यातील झगडा सांगतो: जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही. त्याच्या लगेच पुढचे वाक्य असे आहे की म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. येथील ‘काताक्रिमा’ हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा याच पत्रात: दोनदा पाचव्या अध्यायात, एकदा येथे. तो न्यायालयातला शब्द आहे. नुसता दोषी असल्याचा निर्णय एवढाच त्याचा अर्थ नसून निर्णयानंतर भोगावी लागणारी शिक्षाही त्यात येते, असे काही अभ्यासक जुन्या पपायरस कागदपत्रांच्या आधारे मानतात. ‘दंड’ आणि ‘आज्ञा’ यांच्या जोडणीतून झालेला मराठी शब्द हे दोन्ही पैलू चांगले सांभाळतो.

चौथ्या शतकातील दोन प्रमुख ग्रीक हस्तलिखितांत मूळ लेखनिकाच्या हातचे हे वचन येथेच संपते. पाचव्या शतकातील एका हस्तलिखितात मात्र पुढे ‘जे देहाप्रमाणे चालत नाहीत’ असे शब्द आहेत आणि लॅटिन परंपरेत हीच मध्यम लांबीची वाचना (वचनाचे शब्दरूप) रूढ झाली. नंतरच्या बहुसंख्य ग्रीक प्रतींत ती आणखी वाढून ‘जे देहाप्रमाणे नव्हे, तर आत्म्याप्रमाणे चालतात’ अशी पूर्ण होते. वर उल्लेखलेल्या चौथ्या शतकातील दोन हस्तलिखितांपैकी एकात तर ही भर पुढील काळातील दुरुस्तकाने घातलेली दिसते. याचा अर्थ असा की मध्ययुगातील पश्चिमेच्या वाचकाने ‘दंडाज्ञा नाही’ हे वचन शेपटीशिवाय बहुधा कधी वाचलेच नाही. देहाप्रमाणे न चालणारा मी आहे का, हा प्रश्न त्याच्यासाठी वचनाच्या आतच बसलेला होता.

हे शब्द कोठून आले, याविषयी आज बहुतेक पाठचिकित्सकांचे (हस्तलिखिते ताडून मूळ शब्द शोधणाऱ्या अभ्यासकांचे) एकमत आहे: ते त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनातून उचलले गेले. चौथ्या वचनात ते सर्व हस्तलिखितांत आहेत आणि पौलाचेच आहेत. फरक केवळ जागेचा आहे. परंतु जागा बदलली की त्यांचे कामही बदलते. चौथ्या वचनात ते दंडाज्ञेतून सुटलेला माणूस पुढे कसा चालतो याचे वर्णन करतात. पहिल्या वचनात आले की तेच शब्द कोण सुटला आहे हे ठरवणारी कसोटी होतात. पहिल्या क्रमात सुटका आधी आणि चालणे नंतर येते, दुसऱ्यात चालणे आधी. दीर्घ वाचनेचे समर्थक म्हणतात की बहुसंख्य प्रतींचा कौल डावलता येत नाही, आणि वाक्यात ही ओळ अटीसारखी नसून वर्णनासारखीच वाचावी. पहिला युक्तिवाद मला पटत नाही, कारण प्रतींची संख्या त्यांचे वय सांगत नाही. दुसरा मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ज्या लेखनिकाने ही भर घातली त्याला खोटा ठरवण्याचेही कारण नाही. त्याच्यासमोर ही सुटका ऐकून बेफिकीर होणारी माणसे असतील. त्याने हाताशी असलेले पौलाचेच शब्द कुंपणासारखे लावले. तरीही पौलाने जेथे कुंपण घातले नव्हते तेथे ते घातले गेले, हे खरे.

१५१६ मध्ये छापून प्रसिद्ध झालेली ग्रीक संहिता उत्तरकालीन प्रतींवर आधारलेली होती, आणि त्या परंपरेतून दीर्घ वाचना १६११ च्या इंग्रजी भाषांतरात आणि अनेक भाषांत पोहोचली. १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीने ती गाळली. देवाच्या वचनाला कात्री लावली जात आहे, अशी टीका त्या आवृत्तीवर झाली. येथे गाळलेले शब्द तीन वचने पुढे जसेच्या तसे शिल्लक होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. आज बहुतेक भाषांतरे ही ओळ तळटीपेत ठेवतात. १६११ च्या परंपरेला धरून राहिलेली काही भाषांतरे ती मजकुरात ठेवून टीप जोडतात.

याच्या उलट दिशेचे उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानात आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशू ‘मीही तुला दंड ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नकोस’ असे सांगतो. तेथे निर्णय आधी आणि आज्ञा नंतर आहे. हा प्रसंग सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. काही प्रतींत तो लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी सापडतो. बहुतेक अभ्यासक त्याला योहानाच्या लेखनातील मागाहूनची भर मानतात. मात्र कथा जुनी आहे, कारण तिसऱ्या शतकातील सीरियातील एका मंडळीनियमात पश्चात्तापी माणसाला परत घेण्यास कचरणाऱ्या बिशपांना हीच कथा ऐकवलेली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी एका लॅटिन धर्मपित्याने लिहिले की दुर्बल श्रद्धेच्या काही पुरुषांनी, आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने, तो भाग प्रतींतून काढला. ते खरे नसले तरी अशी भीती लोकांना वाटत होती, एवढे त्यातून निश्चित कळते.

सोळाव्या शतकात वाद एका क्रियापदावर येऊन ठेपला. पौलाचे ग्रीक क्रियापद प्रामुख्याने निर्णय देण्याचे आहे: नीतिमान ठरवणे. लॅटिनमधील त्याच्या प्रतिशब्दाच्या घडणीत ‘नीतिमान करणे’ असा अर्थ आहे. ठरवणे हा निकाल एका क्षणी लागतो. करणे ही आयुष्यभराची वाटचाल होते आणि तिच्यात आज आपण कोठवर आलो हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. विटेनबर्ग येथील ज्या मठवासी प्राध्यापकाच्या, मार्टिन लूथरच्या, १५१७ च्या प्रबंधांपासून या वादाने पेट घेतला, त्याने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ विश्वासाने’ असे भाषांतर केले. ‘केवळ’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये नाही. जर्मन बोलीची आणि पौलाच्या युक्तिवादाची ती गरज आहे, असा बचाव त्याने १५३० मध्ये केला. एका काळात अट घालण्यासाठी शब्द जोडले गेले, दुसऱ्या काळात अट उरू नये म्हणून. दोन्हींमागे वाचकाच्या आत्म्याची काळजी होती. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये उत्तर दिले की हे नीतिमान ठरणे म्हणजे नुसती पापक्षमा नव्हे, तर माणसाचे आतून नवे होणेही होय. आणि विरुद्ध मतांवर तिने बहिष्काराची वचने लावली. दुसऱ्या बाजूनेही निषेधाची भाषा वापरली. ‘दंडाज्ञा नाही’ या शिकवणीवरून एकमेकांना दंडाज्ञा दिल्या गेल्या आणि त्या साडेचार शतके उभ्या राहिल्या, याची खंत वाटते.

त्यांचा फेरविचार करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: माणसाच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव त्याचा स्वीकार करतो, हे दोघांनी एकत्र कबूल केले, आणि त्या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातील निषेध लागू होत नाहीत, असे जाहीर केले. इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड २०१७ मध्ये त्यात सहभागी झाल्या. बाप्तिस्म्यानंतरही उरणाऱ्या पापप्रवृत्तीला पाप म्हणायचे की नाही, हा मुद्दा मात्र एका वेगळ्या जोडपत्राशिवाय सुटला नाही.

दरम्यान ‘स्वीकार’ हा शब्दच मध्यभागी आला होता. १९३७ मध्ये, नाझी राजवटीत, एका तरुण जर्मन पाळकाने पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी कृपा ‘स्वस्त’ असल्याचा इशारा दिला. १९४८ मध्ये छापल्या गेलेल्या एका प्रवचनात, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या एका धर्मशास्त्रज्ञाने श्रोत्याला सांगितले की तुझा स्वीकार झालेला आहे, एवढेच तू स्वीकार. पुढच्या दशकात मानसोपचारातून बिनशर्त आदराची भाषा आली आणि मंडळ्यांच्या बोलण्यात ती सहज मिसळली. मात्र मानसोपचारातील आदर ‘दोषी कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवतो, तर पौल तो प्रश्न विचारून, निकाल लावून, मगच सुटकेकडे जातो.

पौलाच्या पत्रात ‘स्वीकार’ हा शब्द आठव्या अध्यायात नाहीच. तो चौदाव्या आणि पंधराव्या अध्यायांत येतो: काय खावे आणि कोणते दिवस पाळावेत यावरून एकमेकांना दोष देणाऱ्यांना पौल सांगतो की देवाने त्या दुसऱ्याला जवळ केले आहे, आणि ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला तसा तुम्हीही एकमेकांचा करा. डिसेंबर २०२३ मध्ये रोममधून, म्हणजे कॅथलिक मंडळीच्या केंद्राकडून, समलिंगी जोडप्यांसह अनियमित मानल्या गेलेल्या जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा मिळाली, तेव्हा उसळलेल्या वादातही एका बाजूला पाप आणि पश्चात्तापाची भाषा होती, तर दुसऱ्या बाजूला एकमेकांना जवळ करण्याची. एखादा प्रश्न सातव्या-आठव्या अध्यायांतील पाप आणि सुटकेच्या भाषेत मांडायचा की चौदाव्या अध्यायातील मतभेदाच्या, हेच त्या वादात आधी ठरावे लागते, आणि त्यावर मंडळ्यांत अजून एकमत नाही.