लाल ठिपका कापत नाही

"लेझरपाशी दिवसभर उभं राहिलं तर कॅन्सर होतो का हो?" लेझर कटर शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच. त्यानं नाही विचारलं तर त्याची आई विचारते. नाशकात ही यंत्रं आता अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींपुरती राहिलेली नाहीत, गल्लीतल्या साध्या गाळ्यांतही दिसतात. २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर गणपतीची मखरं एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, झाली. दारावरच्या पाट्या, ट्रॉफ्या, लग्नपत्रिका सगळं लेझरवर कापून मिळू लागलं. त्यामुळे इंजिनिअरिंगशी संबंध नसलेली मुलं-मुलीही हे यंत्र चालवायला शिकतात, आणि शिकवणारा बऱ्याचदा 'हे बटन दाब, त्याला हात लावू नको' एवढ्यावर आटोपतं घेतो.

त्या प्रश्नाचं उत्तर आहे: किरणांमुळे नाही, धुराची मात्र काळजी करा. असं का, हे कळायला एक आकडा लक्षात ठेवावा लागतो, १०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लाकूड-ॲक्रिलिक कापणाऱ्या नेहमीच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड वायूची काचेची नळी असते, आणि तिच्यातून निघणाऱ्या किरणाची ही तरंगलांबी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनमध्ये संपतो. म्हणजे कापणारा किरण आपल्याला अजिबात दिसत नाही. मग फळीवर फिरणारा तो लाल ठिपका? तो वेगळ्याच, चिमुकल्या डायोडचा असतो. नेम कुठे लागणार हे दाखवण्यापुरता. तो बंद आहे म्हणून किरण बंद आहे असं समजून कुणी हात घातला, तर भाजल्यावरच कळतं. शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हे सांगायला हवं.

आता त्या नळीत काय चालतं ते बघू. मला या यंत्रातलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

नळीत तीन वायू असतात: हेलियम सगळ्यात जास्त, मग नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो, मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन. तो तीन तऱ्हांनी थरथरू शकतो. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत, ही पहिली तऱ्हा. रेणू मधून वाकतो, ही दुसरी. तिसरीत एक ऑक्सिजन कार्बनच्या जवळ येत असतो तेव्हा दुसरा लांब जातो. ही थरथर हवी तेवढी कमी-जास्त होत नाही, तिच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. तिसऱ्या तऱ्हेची पहिली पायरी ०.२९१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे (हे रेणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). नायट्रोजनच्या थरथरीची पहिली पायरी ०.२८९ वर. हा जवळजवळ जुळलेला आकडा निव्वळ योगायोग आहे आणि सगळं यंत्र त्यावर उभं आहे.

नळीतून वीज गेली की धावते इलेक्ट्रॉन नायट्रोजनला धडकून त्याला थरथरायला लावतात. नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे त्याला ही ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देता येत नाही. तो ती बाळगून फिरतो. ढोल-पथकात शेजारी ठेवलेल्या, तितक्याच ताणाच्या ढोलाचं पान कुणी टिपरू न मारताही गुणगुणतं, तसा नायट्रोजन कार्बन डायऑक्साइडला आपटला की त्याची थरथर याच्याकडे जाते. दोन्ही पायऱ्यांमधला फरक ०.००२, आणि खोलीच्या तापमानाला रेणूंची नुसती धावपळ ०.०२६ च्या आसपासची, म्हणजे फरक सहज भरून निघतो. असे कितीतरी कार्बन डायऑक्साइड रेणू वरच्या पायरीवर जाऊन बसतात. त्यांतला एखादा पहिल्या तऱ्हेच्या पायरीवर, ०.१७२ वर उतरतो आणि उरलेली साधारण ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बनून बाहेर पडते. तोच १०.६ मायक्रॉनचा फोटॉन. तो जाता जाता दुसऱ्या सज्ज रेणूजवळून गेला की त्यालाही हुबेहूब तसाच फोटॉन सोडायला लावतो. आइनस्टाइननं १९१७ मध्ये कागदावर मांडलेलं हे उद्दीपित उत्सर्जन. नळीच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये ये-जा करत फोटॉन वाढत जातात.

पण खालच्या पायरीवर उतरलेल्या रेणूंची गर्दी झाली तर हा खेळ थांबेल. ते आणखी खाली, वाकण्याच्या थरथरीवर येतात आणि तिथून हेलियमचे हलके अणू धडकून त्यांची उरलीसुरली ऊर्जा काढून घेतात, नळीच्या भिंतीपर्यंत नेतात. भिंतीबाहेर पाणी फिरत असतं, ते उष्णता घेऊन जातं. म्हणजे हे पाणी गार ठेवणाऱ्या चिलरमधलं पाणी तापलं तर फक्त काच तडकण्याची भीती नसते. रेणूंच्या खालच्या पायऱ्या रिकाम्याच होत नाहीत आणि किरण मंदावतो. मे महिन्यात दुपारी 'आज कापतच नाही' म्हणून पॉवर वाढवत नेणाऱ्यानं आधी पाण्याचं तापमान बघावं. पावसाळ्यात उलटं. पाणी फार गार ठेवलं तर दमट हवेत नळीवर दव धरतं, आणि त्याच नळीच्या टोकाला वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो. अर्थिंग नसलेल्या गाळ्यात हे यंत्र लावणं म्हणजे वेडेपणा. यंत्राचं मागचं दार मेन स्विच बंद करूनही लगेच उघडायचं नसतं, आत विजेचा भार साठून राहिलेला असतो.

हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत बनवला तो सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, १९३८ चा. इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची, पीएचडी स्टॅनफर्डची. 'ब्रह्मास्त्र म्हणजे प्राचीन लेझरच' असे निरोप व्हॉट्सॲपवर हौसेनं पुढे ढकलणाऱ्या किती जणांना बारामतीचं हे नाव माहीत असेल?

आता कॅन्सरकडे येऊ. डीएनएमधला कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. आपल्या फोटॉनकडे आहे ०.१२. एक्स-रेच्या फोटॉनकडे हजारो असते, म्हणून तो डीएनए तोडू शकतो, हा नाही. हा फक्त तापवतो. पण किती! ६० वॅटच्या किरणात सेकंदाला तीनावर एकवीस शून्यं इतके फोटॉन असतात, आणि भिंग त्यांना जेमतेम ०.१५ मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा करतं. तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या तीस लाख पटींहून जास्त भरते.

ही उष्णता कोण घेणार हेही तोच आकडा ठरवतो. ॲक्रिलिक आपल्याला आरपार दिसतं, पण १०.६ मायक्रॉनला ते भिंतीसारखं आहे. साधी काचही तशीच. म्हणूनच यंत्राचं पारदर्शक झाकण भटक्या किरणाला अडवतं, आणि म्हणूनच भिंग काचेचं न करता पिवळसर झिंक सेलेनाइडचं करावं लागतं. डोळ्यात हा किरण गेला तर बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातच शोषला जातो. पडदा भाजतो, दृष्टिपटलापर्यंत किरण पोचत नाही. ही दिलाशाची गोष्ट म्हणता येणार नाही, पण फरक मोठा आहे.

तांबं या धातूपुढे मात्र या किरणाचं काही चालत नाही. जवळजवळ सगळा परत फिरतो. भांडी बाजारातून तांब्या आणून 'यावर नाव घालून द्या' म्हणणाऱ्याला या यंत्रावर नाही म्हणायचं, कारण किरण कुठल्या दिशेला उडेल याचा भरवसा नाही. तसं पाहिलं तर खरा धोका नोझलच्या, म्हणजे किरण जिथून खाली पडतो त्या तोटीच्या, खाली कमीच असतो. भिंगातून आलेला किरण पुढे लगेच पसरतो. पण नळीपासून भिंगापर्यंत आरशांवरून जाणारा किरण सरळ, पेन्सिलीएवढा जाड आणि पूर्ण ताकदीचा असतो, तो खोलीच्या दुसऱ्या टोकालाही जाळू शकतो. आरसे जुळवण्याचं काम नवशिक्यानं करायचं नाही ते यासाठी. आणि झाकण उघडताच किरण बंद करणाऱ्या स्विचला चुंबक चिकटवून फसवणारे कारागीर हुशार समजले जातात, ते बंद व्हायला हवं.

उरला धूर, आणि माझ्या मते शिकवण्याचा बहुतेक वेळ त्यावर जायला हवा. ॲक्रिलिक तापलं की त्याची लांब साखळी एकेक कडी सुटत मूळच्या द्रवरूप घटकात मोडते आणि वाफ होऊन जाते, म्हणून कापलेली कड काचेसारखी चकचकीत येते. पण ती वाफ ज्वालाग्राही असते. कापताना ठिपक्यावर मारला जाणारा हवेचा झोत बंद असेल तर ठिपक्यावर पिवळी ज्योत धरते आणि वरच्या भिंगापर्यंत जाते. जाळीखाली साठलेले जुने तुकडेही पेटायला टपलेले असतात. यंत्र चालू ठेवून चहाला जायचं नाही, या नियमाला अपवाद नाही. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाचा कण भिंगावर बसला तर तिथेच उष्णता शोषून ते तडकतं. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी निदान हाताशी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवावं; त्यानं भिंगावर पावडर बसत नाही.

एमडीएफमधला भुसा फॉर्माल्डिहाइडच्या राळेनं चिकटवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइडला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मखराच्या मोसमात बंद गाळ्यात तासन्‌तास हाच धूर असतो आणि कामगार घाबरतो किरणाला. एक्झॉस्टचा पाइप छताबाहेर निघालाच पाहिजे, शेजारच्या जिन्यात नाही. काम संपल्यावरही पंखा थोडा वेळ चालू ठेवून मगच झाकण उघडायचं.

पीव्हीसी तर टेबलावर येताच कामा नये. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं; तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुप्फुसं जाळतो आणि यंत्राच्या रुळांना गंज चढवतो. अडचण अशी की पीव्हीसी स्वतःचं नाव सांगत नाही. पाटीवाल्यांचा सनबोर्ड, स्वस्त रेक्झीन, व्हिनाइलचे स्टिकर, सगळ्यांत ते असू शकतं. दुकानदार 'ॲक्रिलिकच आहे' म्हणाला तरी उघड्यावर, अंगणात, एक परीक्षा करता येते: तांब्याची तार लाल होईस्तोवर तापवायची, पदार्थाला टेकवून कणभर चिकटू द्यायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, तुकडा परत द्या.

तांब्या-पितळेवर नाव घालायला फायबर लेझर लागतो, आणि वर सांगितलेलं सगळं तिथे उलटतं. त्याची तरंगलांबी १.०६ मायक्रॉन, ती साध्या ॲक्रिलिकमधून आरपार जाते आणि डोळ्याचं भिंग तिला थेट दृष्टिपटलावर एकवटतं. ऑनलाइन मिळणाऱ्या उघड्या निळ्या डायोडच्या यंत्रांनाही, तरंगलांबी ०.४५ मायक्रॉनच्या आसपास, हाच धोका आहे. सोबत फुकट येणारा हिरवा चष्मा कुठल्या तरंगलांबीसाठी आहे ते त्याच्या काडीवर किंवा काचेवर नॅनोमीटरमध्ये छापलेलं असायला हवं, फायबरसाठी १०६४ आणि निळ्यासाठी ४५०. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राचा, १०६०० लिहिलेला चष्मा या दोन्हींपुढे चालत नाही.