अमेरिकेत नेफ्रॉलॉजी फेलोशिप: पात्रता, कागद, मॅच आणि व्हिसा

अमेरिकेत नेफ्रॉलॉजीची, म्हणजे किडनीच्या आजारांच्या ब्रँचची, सीट मिळणं फार कठीण नाही हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं आणि ते खरंय. कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोसारखी इथे झुंबड नसते, मॅच (उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून होणारं सीटवाटप) झाल्यावरही दरवर्षी काही जागा रिकाम्या राहतात आणि बाहेरच्या देशात एमबीबीएस केलेल्या डॉक्टरांची संख्या या ब्रँचमध्ये पूर्वीपासून मोठी आहे. पण त्या भरवशावर आपली मुलं निवांत राहतात आणि मग अडकतात, सीटपाशी नाही तर व्हिसाच्या कागदांपाशी, नाहीतर नीट चौकशी न करता निवडलेल्या प्रोग्रामपाशी. म्हणून या दोन गोष्टींवर जास्त लिहितोय, बाकीचं भरभर सांगतो.

आधी पात्रता. सरळ रस्ता म्हणजे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षांची रेसिडेन्सी, आणि त्यानंतर एसीजीएमईची (ट्रेनिंग प्रोग्राम तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रोग्राममध्ये २ वर्षांची फेलोशिप, म्हणजे त्या ब्रँचचं पुढचं ट्रेनिंग. बोर्ड म्हणजे स्पेशालिस्टची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी एबीआयएम ही संस्था, त्यांच्या नियमात या २४ महिन्यांपैकी किमान १२ महिने क्लिनिकल असावे लागतात, म्हणून बहुतेक युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये पहिलं वर्ष पेशंट बघण्यात पूर्ण पिळून निघतं आणि दुसऱ्या वर्षात रिसर्चला वेळ मिळतो. नेफ्रॉलॉजीची बोर्ड परीक्षा द्यायची तर आधी इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड पास असावं लागतं, आणि इंटर्नल मेडिसिनची ती परीक्षा येते ऑगस्टमध्ये, म्हणजे फेलोशिप सुरू होऊन जेमतेम दीड महिना झालेला असताना, तेव्हा अभ्यास रेसिडेन्सीतच उरकलेला बरा.

आता मुंबई-पुण्यात एमडी मेडिसिन करून थेट फेलोशिपला जाता येतं का, हा प्रश्न खूप जण विचारतात. येतं, पण तो अपवादाचा रस्ता आहे. एसीजीएमईच्या नियमात 'असाधारण पात्रतेचा' उमेदवार घेण्याची सोय आहे, त्यासाठी प्रोग्राम डायरेक्टर आणि निवड समितीने तुमचं काम तपासावं लागतं, हॉस्पिटलच्या शिक्षण समितीची मंजुरी लागते, आणि ईसीएफएमजी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था) सर्टिफिकेट हवंच, म्हणजे यूएसएमएलई या लायसन्स परीक्षेच्या स्टेप १, स्टेप २ सीके आणि ईसीएफएमजीच्या पाथवेजमधली ओईटी ही इंग्रजीची परीक्षा सुटत नाही. आणि जाण्याआधी हे नीट समजून घ्या की अशी फेलोशिप केली म्हणून एबीआयएमची परीक्षा द्यायला आपोआप पात्र होत नाही, राज्याचं लायसन्सही बऱ्याच ठिकाणी अडतं. शिकून परत यायचं असेल तर हा रस्ता चांगला आहे, तिथेच राहायचं असेल तर रेसिडेन्सीला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक असं. अर्ज ईरास या ऑनलाइन अर्जप्रणालीतून, नेफ्रॉलॉजी जुलैच्या सायकलमध्ये येते. साधारण जूनमध्ये ईएफडीओकडून (फेलोशिप अर्जांचे कागद बघणारं ईसीएफएमजीचं ऑफिस) टोकन, म्हणजे ईरासमध्ये शिरायचा कोड, घ्यायचं, जुलैच्या सुरवातीला अर्ज भरता येतो, महिन्याच्या मध्यावर प्रोग्रामना तो दिसायला लागतो. म्हणजे रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षात पाय ठेवल्या ठेवल्या अर्ज जायला हवा, तयारी दुसऱ्या वर्षातच. ऑगस्टपासून इंटरव्ह्यू, बहुतेक ऑनलाइन. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, ईरास भरलं म्हणजे झालं असं नाही. रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रामची तुमच्या पसंतीक्रमाने यादी, नोव्हेंबरमध्ये, निकाल नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरवातीला आणि जॉइनिंग पुढच्या जुलैला.

कागद: ईरासचा फॉर्म, पर्सनल स्टेटमेंट, फोटो, यूएसएमएलई ट्रान्सक्रिप्ट, ईसीएफएमजी स्टेटस रिपोर्ट, एमबीबीएसची मार्कांची ट्रान्सक्रिप्ट, कॉलेजच्या डीनचं तुमच्या कामगिरीबद्दलचं एमएसपीई पत्र आणि शिफारसपत्रं, एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४. त्यातलं एक तुमच्या रेसिडेन्सीच्या प्रोग्राम डायरेक्टरचं असायलाच हवं असं धरून चाला, आणि एक तरी अशा नेफ्रॉलॉजिस्टचं घ्या ज्यांच्याबरोबर तुम्ही खरंच कन्सल्ट केलेत. मोठ्या नावाच्या माणसाच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा 'या मुलाने हायपोनेट्रेमियाच्या पेशंटचं सोडियम रात्रभर दर काही तासांनी बघितलं' असं लिहिणाऱ्या साध्या अटेंडिंगचं (सीनियर डॉक्टरचं) पत्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. एमएसपीई आणि ट्रान्सक्रिप्टच्या रेसिडेन्सीच्या वेळच्या कॉपी जपून ठेवा, नाहीतर पुन्हा घरच्यांना कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात.

आता प्रोग्राम निवडणं. जागा रिकाम्या राहतात याचा दुसरा अर्थ असा की काही ठिकाणी फेलो कमी आणि काम तेवढंच असतं. इंटरव्ह्यूत डायरेक्टरला जे विचारायचं ते विचारा, पण खरी माहिती सध्याच्या फेलोंकडून मिळते, त्यांच्याशी वेगळं बोला. रात्री दोनला आयसीयूतून सीआरआरटीसाठी (सलग चालणारं डायलिसिस) फोन आला तर घरून ऑर्डर देता येते की गाडी काढून जावं लागतं? दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का? किडनी बायोप्सी फेलो स्वतः करतात की सगळ्या रेडिओलॉजीकडे जातात? डायलिसिसचा कॅथेटर कोण टाकतं? पेरिटोनियल डायलिसिसचे पेशंट पुरेसे आहेत का, कारण हेमोडायलिसिस सगळीकडे शिकायला मिळतं, पीडीचं तसं नाही. ट्रान्सप्लांट त्याच हॉस्पिटलमध्ये होतं की महिनाभर दुसरीकडे पाठवतात? यातल्या तीन-चार प्रश्नांना गोलगोल उत्तरं आली तर नाव कितीही मोठं असो, रँक लिस्टमध्ये खाली टाका.

रिसर्चचं एक फारसं कोणी सांगत नाही. मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांत रिसर्चचं जादा वर्ष बऱ्याचदा एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या टी-३२ ग्रँटमधून चालतं, आणि तो पैसा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. तुम्ही जे-१ (ट्रेनिंगसाठीचा एक्सचेंज व्हिसा) किंवा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर असाल तर 'आमच्याकडे रिसर्च ट्रॅक आहे' या वाक्यावर खूश होऊ नका, माझ्यासाठी पगार कुठून येणार हे तिथल्या तिथे विचारा.

व्हिसा. जे-१ ची स्पॉन्सरशिप ईसीएफएमजी देते, त्यासाठीचा डीएस-२०१९ हा फॉर्म दरवर्षी रिन्यू होतो आणि एकूण ट्रेनिंगला साधारण ७ वर्षांची मर्यादा आहे. ३ अधिक २ म्हणजे ५, त्यामुळे पुढे ट्रान्सप्लांट नेफ्रॉलॉजीचं १ वर्ष बसतं. सगळ्यात जास्त जीव टांगणीला लावणारा कागद म्हणजे भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे देशाला या ब्रँचच्या डॉक्टरांची गरज आहे असं पत्र. रेसिडेन्सीच्या वेळी घेतलेलं पत्र इंटर्नल मेडिसिनसाठी होतं, ते इथे चालत नाही, नेफ्रॉलॉजीसाठी नवीन लागतं. ऑफर लेटर, पासपोर्ट, डिग्री, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट तयार ठेवा, दिल्लीच्या मंत्रालयाची ताजी यादी बघा, आणि मॅचचा निकाल लागला की त्याच आठवड्यात हॉस्पिटलकडून पत्र मागा. सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टसारखंच हवं, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही हा आपल्या मराठी नावांचा नेहमीचा घोळ, तो ॲफिडेव्हिट करतानाच निस्तरा. हॉस्पिटलच्या बाजूने ट्रेनिंग प्रोग्राम लायझन म्हणून एक व्यक्ती असते, सगळं तिच्यामार्फत सुरू होतं, तिचा ईमेल डिसेंबरमध्येच मागून घ्या.

जे-१ नंतर २ वर्षं भारतात राहण्याची अट असते. भारत सरकारच्या ना हरकत पत्रावर ती माफ होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, क्लिनिकल ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरांना तो मार्ग बंद आहे. अट माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग कॉनराड ३० या योजनेचा, प्रत्येक राज्यात वर्षाला ३० जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागात ३ वर्षं काम. एच-१बी हवा असेल तर यूएसएमएलईची स्टेप ३ पास पाहिजे आणि प्रोग्राम तो देतो का हे अर्ज करण्याआधीच विचारा. युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांना एच-१बी च्या लॉटरीतून सहसा जावं लागत नाही हा मोठा फायदा, पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नवीन अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हापासून भारतात बसून नवा एच-१बी मागणाऱ्याला हो म्हणताना हॉस्पिटल दहा वेळा विचार करणार.

आणि रेसिडेन्सी संपल्यावर जूनमध्ये घरी यायचा बेत असेल तर पासपोर्टमधल्या जे-१ स्टॅम्पची तारीख आधी बघा. ती संपलेली असेल तर परत जायच्या आधी नवा डीएस-२०१९ हातात घेऊन मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्पिंग करावं लागेल, आणि अपॉइंटमेंट जुलैनंतरची मिळाली तर जॉइनिंग पुढे जातं. तारीख मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका.